खाली केलेल्या गाडीला परवडणारे शॉकप कसे निवडावेत: कोकणात रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी

ओहोटीची वेळ होती. धोपाव्याच्या जेटीवरून फेरीबोटीत गाडी चढवताना पुढच्या बंपरखालून खर्रर्र आवाज आला आणि बोटीवरचा पोरगा म्हणाला, "दादा, गाडी बसलीय तुमची. स्प्रिंगा बदलून घ्या." त्याला काय सांगणार? गाडी बसली नव्हती, मी पैसे मोजून बसवून घेतली होती.

गाडीची उंची कमी करायला एका गॅरेजात स्प्रिंगचे दीड-दीड वेढे ग्राइंडरने उडवून घेतले होते. शॉकप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, मात्र जुनेच, ६०,००० किलोमीटर धावलेले. पुढच्या चार महिन्यांत मागचे दोन्ही शॉकप गळले, पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत झाली आणि आईने माझ्या गाडीत बसायचं सोडून एसटी धरली. निस्तरायला जो खर्च आला, त्यात धड स्प्रिंगा आणि नवे शॉकप दोनदा आले असते.

गाडी खाली करावी की नाही, हा वाद इथे घालत नाही. ज्यांनी केलीय किंवा करणारच आहेत, दारात गाडी एकच आहे, तीच घेऊन सोमवारी चिपळूणला कामावर जायचंय आणि तीच घेऊन गणपतीत स्टेशनवरून माणसं आणायचीत, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरणं छोट्या हॅचबॅकची आहेत, कारण आपल्याकडे खाली केलेल्या गाड्या बहुतेक त्याच.

शॉकपचं काम काय, आणि गाडी खाली केल्यावर काय बिघडतं

"शॉकप गेले म्हणून गाडी बसली" असं सर्रास ऐकू येतं. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकप फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. दांडा आत-बाहेर होताना आतलं तेल बारीक झडपांतून ढकललं जातं, त्यात जो अटकाव होतो तो गाडीला डुलू देत नाही. शॉकप मेला तर गाडी खाली बसत नाही, होडीसारखी हलते.

पुढच्या चाकांना बहुतेक छोट्या गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकप, त्याच्याभोवती स्प्रिंग, वर माउंटिंग आणि बेअरिंग, असा एकच खांब. चाक उभं धरून ठेवायचं कामही तोच करतो, म्हणून स्ट्रट महाग आणि तो काढला की अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल जुळवणं, आलीच. मागे साधारणपणे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा पोलादी बीम, असतो, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकप वेगळा. तो सुटा शॉकप स्वस्तात येतो आणि दोन बोल्टांत बदलतो.

गाडी खाली केली की दोन गोष्टी बदलतात. पहिली, छोटी स्प्रिंग जास्त कडक असते, तिला आवरायला शॉकपमध्येही जास्त जोर लागतो. पण हे लोक समजतात तेवढं भयंकर नाही. हिशोब वर्गमुळाने चालतो: स्प्रिंग २० टक्के कडक झाली तर शॉकप साधारण १० टक्के जास्त कडक हवा. नव्या, धड शॉकपला एवढं निभावून नेता येतं. थकलेल्याला नाही.

दुसरी गोष्ट घातक. समजा तुमच्या स्ट्रटचा दांडा एकूण १६० मिलिमीटर सरकतो. कंपनीच्या उंचीवर गाडी उभी असताना चाकाला वर जायला ८० आणि खाली यायला ८० शिल्लक आहेत. गाडी ४० ने खाली आणली की वर जायला ४० उरले. त्या जागेत शेवटचा दणका झेलणारा रबरी बंप स्टॉपरही बसलेला असतो. तो ५० मिलिमीटरचा असेल तर गाडी दारात उभी असतानाच स्टॉपरवर टेकलेली आहे. मग प्रत्येक खड्ड्याला जो दणका बसतो त्याला पोरं "सस्पेन्शन कडक झालं" म्हणतात. कडक वगैरे काही नाही, स्प्रिंगला काम करायला जागाच उरली नाही. असे दणके खाऊनच शॉकपच्या आतली झडप आणि सील जातं.

आधी मोजा, मग पाकीट काढा

खरेदीच्या आधीची ही पायरी कोणी करत नाही आणि सगळं तिच्यावरच अवलंबून असतं. टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली की आकडा फसवतो. जागा सपाट हवी. आमच्या अंगणात ती मिळणं शक्य नाही, मी पेट्रोल पंपाच्या फरशीवर मोजतो.

आता शॉकप किती दबतो ते बघा. कोरडा दिवस निवडा. दांडा झाकणारा रबरी बूट वर सरकवून बांधा आणि दांड्याभोवती एक प्लास्टिकचा टाय, वायरी बांधतात तसला, घट्टसर आवळून शॉकपच्या डोक्यापर्यंत, म्हणजे दांडा नळीत शिरतो तिथपर्यंत, खाली ढकला. गाडी चालवली की शॉकप दबताना टायला वर ढकलतो आणि परत येताना टाय तिथेच राहतो. परत आल्यावर टाय आणि शॉकपचं डोकं यांतलं अंतर मोजा: चाक जास्तीत जास्त किती वर गेलं ते कळतं. टायपासून स्टॉपरपर्यंत किती उरलं तेही बघा. काहीच उरलं नसेल, तर बाजारातला कुठलाही महागडा शॉकप तुम्हाला वाचवणार नाही.

चाचणी नेहमीच्या रस्त्यावर आणि नेहमीच्या वजनानिशी करा. मी शृंगारतळीहून चिपळूणपर्यंत मागच्या सीटवर तांदळाच्या ५० किलोच्या तीन गोणी टाकून गेलो. मार्गताम्हाण्याला एका ओळखीच्या काकांनी "दुकान टाकलंस काय रे?" असं विचारलंही. पण एकट्याने चालवून काढलेला आकडा गणपतीत कामाचा नाही. तेव्हा पाच माणसं, डिकीत नारळ आणि फणस, वर सामान असतं आणि मागची बाजू आणखी दोन-तीन बोटं खाली जाते.

आपल्याकडचे रस्तेही तसेच. महामार्गाचं काँक्रीट गुळगुळीत आहे, पण त्याच्या जोडावर थकलेला शॉकप लगेच बोलतो. वाडीत जाणाऱ्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर पावसाने दोन्ही चाकोऱ्या धुपून जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. तो थेट इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला लागतो. गतिरोधकांचं तर विचारूच नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा लांबट उताराचा हवा. गावाने रातोरात घातलेला सिमेंटचा बांध त्या मापात कुठे बसतो?

किती खाली

माझं मत स्पष्ट आहे: इथे रोज चालणारी गाडी २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा खाली नेऊ नका. फेंडरमधली रिकामी जागा तेवढ्यानेही भरते, गाडी नीटस दिसते.

एवढंच उतरवायचं असेल तर कंपनीच्या मापाचे, पण नवे शॉकप पुरतात. यात कमीपणा काही नाही. ३० ते ४५ च्या दरम्यान असाल तर जरा कडक झडपांचा आणि शक्यतो आखूड शॉकप हवा. निव्वळ कडक घेऊन भागत नाही, कारण जागेचा प्रश्न तसाच राहतो. ४५ च्या पुढे गेलात तर खास आखूड केलेला शॉकप किंवा कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंगसकट शॉकप, लागतो, आणि "परवडणारे" हा शब्द तिथे संपतो.

तेवढ्या खाली गेल्यावर आणखी एक गंमत होते. पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आडवा किंवा उलट्या बाजूला कलता होतो, आणि मॅकफर्सनच्या रचनेत त्यामुळे गाडी वळणावर उलट जास्त कलंडायला बघते. कुंभार्ली घाटात गाडी चिकटून चालावी म्हणून खाली केलेली, आणि तीच वळणाला लवते. त्यावर मग आणखी कडक स्प्रिंगा टाकल्या जातात.

स्प्रिंग कापण्याबद्दल थोडक्यात: करू नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. जॅकवर चाक लोंबकळलं की ती सैल होऊन जागेवरून फिरते, आणि जोराच्या उसळीतही तेच होऊ शकतं. गॅसवर तापवून बसवणं त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं. आखूड स्प्रिंगांचा तयार सेट घ्या आणि बसवल्यावर गाडी जॅकवर उचलून, चाक पूर्ण लोंबकळू देऊन, स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती खुळखुळायला नको.

आहेत ते शॉकप चालतील का?

गाडीचा कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना माहीत आहे. एक-दीड हेलकाव्यात गाडी थांबली पाहिजे. पण त्यात नापास झालेला शॉकप नक्की गेलेला असतो, एवढंच कळतं. पास झालेला चांगला असेलच असं नाही. मी टायरवर विश्वास ठेवतो. तळवा टायरच्या पृष्ठभागावरून गोल फिरवा. थोड्या-थोड्या अंतरावर खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर उड्या मारत होतं. शॉकपच्या अंगावर ओलसर धूळ चिकटली असेल तर सील गेलं. नुसता पुसटसा तेलकट डाग असेल तर पुसून पंधरा दिवसांनी परत बघा.

आपल्या हवेतला खास रोग म्हणजे दांड्यावरचा गंज. बूट फाटला की खारी हवा आणि लाल चिखल थेट चकचकीत दांड्यावर बसतो, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि दर फेरीला ते सील कानशीसारखं घासतात. बोटाच्या नखाने दांडा वरून खाली चाचपा. नख अडकलं की विषय संपला, बाकी शॉकप कितीही चांगला असो.

काय घ्यायचं

बाजारात तीन जाती. साधा तेलाचा दोन नळ्यांचा, त्याच रचनेत कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला, आणि एकाच नळीचा जास्त दाबाचा. पहिला सगळ्यात स्वस्त. पण सलग खड्ड्यांत तेल तापून त्याला फेस येतो आणि शॉकप तेवढ्यापुरता पोकळ होतो. गॅसच्या दाबामुळे हा फेस आटोक्यात राहतो, म्हणून दुसरा आपल्या रस्त्यांना सगळ्यात योग्य, आणि किमतीत फरकही फार नसतो. एका नळीचा शॉकप घाटात सुरेख चालतो. पण त्याच्या नळीवर दगड बसून पोचा पडला तर आतला पिस्टन तिथेच घासतो. जांभ्याच्या रस्त्यावर दगड उडतातच. पैसेही बरेच जास्त.

नावांचं म्हणाल तर गाडीच्या कंपनीचे मूळ पार्ट, गॅब्रिएल, मन्रो, केवायबी यांतलं जे तुमच्या मॉडेलला मिळेल ते. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये सुरू झालेली, तिचा माल तालुक्याच्या दुकानातही सापडतो. बिलस्टीन ऐकून असाल, त्यात बी६ हा मूळ उंचीच्या गाडीसाठी आणि बी८ हा खाली केलेल्या गाडीसाठी आखूड बांध्याचा. खाली केलेल्या गाडीला बी६ घेऊन फसलेले पाहिले आहेत. छोट्या हॅचबॅकला मात्र हा खर्च गाडीच्या किमतीशी जुळत नाही.

एक देशी युक्ती आहे. काही मॉडेलांत डिझेल गाडीचे पुढचे स्ट्रट जड इंजिनामुळे पेट्रोलवाल्यापेक्षा किंचित कडक असतात आणि मापं तीच असतात. आखूड स्प्रिंग लावलेल्या पेट्रोल गाडीला ते छान जुळतात. सगळ्या मॉडेलांना हे लागू नाही. दोन्ही स्ट्रट काउंटरवर शेजारी ठेवून लांबी, स्प्रिंगच्या बैठकीची जागा आणि खालच्या बोल्टांची भोकं पडताळल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्वस्तातल्या कॉइलओव्हरचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. उंची कमी-जास्त करायचे आटे उघडे असतात. इथल्या खाऱ्या हवेत आणि अशा पावसात ते आटे जाम होतात. दुसऱ्या वर्षी उंची बदलायला गेलात तर हातोडा लागेल.

आणि "रिपेअर" केलेले शॉकप, म्हणजे नळी कापून, नवं तेल ओतून, वेल्डिंग मारून रंगवलेले, फुकट मिळाले तरी नकोत. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून सुटे आणायचे असतील तर शॉकप उभा धरून दांडा सावकाश पूर्ण दाबा आणि ओढा. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा पडला तर तो खाली ठेवा. गॅसचा असेल तर सोडल्यावर दांडा आपोआप वर आला पाहिजे.

दुकानात उभं राहिल्यावर

आरसी बुकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मॉडेल, बनावटीचं वर्ष, पेट्रोल की डिझेल, यावर पार्ट नंबर बदलतो. पुढच्या स्ट्रटला डावा-उजवा असतो, कारण ब्रेकच्या नळीचा आणि लिंक रॉडचा कान एकेका बाजूला असतो. दोन डावे घेऊन शृंगारतळीला परत येण्यासारखं दुःख नाही. शॉकप नेहमी जोडीने घ्या. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना असेल तर घाटात ब्रेक मारताना गाडी ओढते.

शॉकपबरोबर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर, बूट आणि स्प्रिंगखालचं रबर हेही घ्या. पैसे वाचवायचे तर इथे नका वाचवू. पन्नास रुपयांच्या फाटक्या बुटाने नवा स्ट्रट एका पावसात जातो. स्टॉपर काढून टाकायचा नाही. तो किती कापायचा ते आखूड स्प्रिंगवाल्याच्या कागदावर दिलेलं असतं, तेवढाच कापायचा.

पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी यावर २८ होता. "बिलाशिवाय स्वस्त" म्हणणाऱ्याला हे ऐकवता येतं, आणि वॉरंटी बिलावरच मिळते. मला चार शॉकप, माउंटिंग, बूट, मजुरी आणि अलाइनमेंट धरून १६,००० च्या आत पडले. स्प्रिंगा त्यात नाहीत.

मिस्त्रीजवळ उभे राहा

मिस्त्रींना राग येतो, येऊ दे. चार गोष्टी डोळ्यांनी बघायच्या आहेत. स्प्रिंग सोडवायला धड कंप्रेसर हवा. दोरी आणि टॉमीवर (लोखंडी पहारीवर) हे काम करणारे आहेत, तिथून गाडी परत आणा, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. नवा तेलाचा शॉकप लावायच्या आधी उभा धरून चार-पाचदा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढायची. आडवा पडून राहिलेला असतो तो. वरचा नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून कोणी पकडीने दांडाच धरला, तर तिथेच थांबवा. त्या ओरखड्याने सील महिन्याभरात फाटतं. दांड्याच्या टोकाला पाना किंवा ॲलन की लावायची सोय असते.

चौथी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. ज्या बोल्टात रबरी बुश (सांध्यातली रबराची नळी) आहे, म्हणजे लोअर आर्म आणि मागचा बीम, ते बोल्ट सैल करून गाडी जमिनीवर नव्या उंचीला टेकल्यावर शेवटचे आवळायचे. जॅकवर, चाक लोंबकळत असताना आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि सहा महिन्यांत फाटतात. आमच्या मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते आधी हसले. मग म्हणाले, "तरीच तुझ्या गाडीचे बुश मी दोनदा बदलले."

त्यानंतर

अलाइनमेंट लगेच नको. नव्या स्प्रिंगा बसायला दोन-तीनशे किलोमीटर द्या, तोवर सांभाळून चालवा आणि मग करा. खाली केलेल्या गाडीची चाकं आतल्या बाजूला कलतात, पण टायर खाते ती मुख्यतः चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा. ती बरोबर असली तर थोडा कल चालून जातो. कल फारच असेल तर स्ट्रटच्या खालच्या भोकात घालायचे जुळणीचे बोल्ट मिळतात. काम झाल्यावर छापील कागद मागून घ्या आणि वहीत ठेवा.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्प्रिंगा घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

राहिली ती निगा. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका, आणि फेरीबोटीच्या रॅम्पवर पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांच्या आतली बाजू धुवा. स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत वाळू अडकते, रंग खरवडते आणि स्प्रिंग नेमकी तिथेच तुटते, म्हणून पाण्याची नळी तिथे धरायची. मेच्या शेवटी बूट तपासायचे, दसऱ्याच्या आसपास पुन्हा एकदा. ५०० किलोमीटरनंतर वरच्या माउंटिंगचे आणि खालचे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा बघून घ्या. आणि धोपाव्याला भरतीच्या वेळेला जा, रॅम्प सपाट असतो.